मातीखालचा शेजारी

वसुबारसेच्या संध्याकाळी गाय-वासराची पूजा झाली की दिवाळी सुरू होते. शहरातून गोठे गेले, तरी पाटावर मातीची नाहीतर चांदीची सवत्स गाय मांडून घरातल्या बायका हळदकुंकू वाहतात, आणि कित्येक घरांत त्या दिवशी दूध-दुभते तोंडात घालत नाहीत. त्याआधी पितृपक्षात कावळ्याची वाट पाहून झालेली असते, पोळ्याला बैलाच्या शिंगांना बेगड लागलेली असते, नागपंचमीला पाटावर गंधाने नागोबा काढून झालेला असतो. आपले वर्ष असे जनावरांच्या सोबतीने सरकते. नीट पाहिले तर मात्र या मानकऱ्यांची निवड अगदीच निर्हेतुक नाही. गाय दूध देते, बैल नांगर ओढतो, कावळा पितरांचा निरोप्या, आणि नागाचे भय. मग ज्याचा आपल्याला काही उपयोग नाही, ज्याचे भय वाटावे असेही काही नाही, जो कुठल्या कहाणीत नाही आणि आपल्यापैकी हजारात एकानेही पाहिलेला नाही, अशा जिवाशी आपले नाते काय? त्याचे आपण काही देणे लागतो का?

असले प्रश्न फराळाच्या ताटाशी बसून सोडवायचे नसतात, असे कोणी म्हणेल. मला तर ते याच दिवसांत काढावेत असे वाटते. दिवाळीत आपण दूरच्या नातलगांची आठवण काढतो, शेजारीपाजारी ताट पोचवतो. त्या ओघात, ज्याचे दार आपण कधी पाहिलेच नाही अशा एका शेजाऱ्याची गोष्ट निघाली तर बिघडले काय?

हा शेजारी म्हणजे देवगांडूळ. नाव ऐकून फसू नये. गांडुळाशी त्याचे काही नाते नाही. उलट गांडूळ हे त्याचे भक्ष्य. त्याला पाठीचा कणा आहे, जबडे आहेत, दात आहेत. पाय मात्र नाहीत. अंगावर वळ्यांवर वळ्या, कातडी ओली आणि बुळबुळीत, डोळे इतके बारीक की असून नसल्यासारखे. डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये एक इवलीशी स्पर्शिका असते. तिच्यावर अंधारातला सारा कारभार चालतो. डोक्यानेच माती सारत ते पुढे जाते. बेडूक हा त्याचा चुलतभाऊ. उभयचर प्राण्यांची घराणी तीन: एक बेडकांचे, दुसरे सॅलॅमँडरांचे, म्हणजे दिसायला पालीसारखे पण मऊ, ओलसर कातडीचे, आणि तिसरे या बिनपायांच्या देवगांडुळांचे. जगात देवगांडुळांच्या दोनशेंहून अधिक जाती आहेत. भारतात चाळीसच्या आसपास, आणि त्यांतल्या बऱ्याचशा आपल्या सह्याद्रीत.

नाशिककरांना हा प्राणी परका वाटायचे कारण नाही. दिंडोरी, वणी करीत सापुतारा गाठावा, पलीकडचा घाट उतरावा, की डांगच्या रानात वघई लागते. त्या वघईच्या नमुन्यावरून १९६० साली एडवर्ड टेलर या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने एका जातीला शास्त्रीय नाव दिले आणि त्या नावात मुंबई घातली. कारण जुन्या नोंदीत वघई मुंबई इलाख्यातली होती. गंमत अशी, की त्याच वर्षी मुंबई राज्याची दोन राज्ये झाली, वघई गुजरातेत गेली आणि नावातली मुंबई तशीच राहिली. त्याच वर्षी टेलरने खंडाळ्याच्या एका देवगांडुळालाही नाव दिले. पुढे २००३ साली आंबोलीच्या एका जातीला मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीतल्या जे. सी. डॅनियल यांचे नाव मिळाले, आणि २००४ साली कोयनेजवळच्या हुंबरळीच्या जातीला तर खुद्द महाराष्ट्राचे. या खंडाळ्याच्या आणि हुंबरळीच्या मंडळींचे जवळचे नातलग कुठे असावेत? हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवर! खारे पाणी या नाजूक कातडीला मानवत नाही, तेव्हा ते पोहत गेले असण्याचा संभव नाही. जमिनीच एके काळी एकत्र होत्या; त्या फाटल्या आणि भाऊबंद दोन काठांवर राहिले. आपल्या घराण्याची वंशावळ आपण सात पिढ्यांपर्यंत सांगतो. याच्या वंशावळीत खंड फाटल्याची नोंद आहे.

आता या कातडीबद्दल थोडे सांगायला हवे, कारण साऱ्या प्रश्नाचे मूळ तिथे आहे. देवगांडुळाला फुप्फुस असते. बहुधा उजवे लांब आणि डावे आखूड. पण श्वासाचा मोठा वाटा कातडीच उचलते. काही उभयचरांनी तर फुप्फुसाला रजाच दिली आहे. अमेरिका खंडातल्या सॅलॅमँडरांचे एक मोठे घराणे, सुमारे पाचशे जातींचे, संपूर्ण बिनफुप्फुसाचे आहे. ते कातडीने आणि तोंडातल्या ओल्या अस्तराने श्वास घेतात. मध्य अमेरिकेच्या डोंगरांतली धुक्याने भिजलेली राने हे त्यांचे एक माहेर. शेवाळात, कुजक्या ओंडक्याखाली, झाडावरच्या पानांच्या पेल्यात ते राहतात, आणि कित्येकदा एका डोंगरावरची जात पलीकडच्या डोंगरावर नसते. रान तोडून कॉफी, मका किंवा गुरांचे कुरण झाले की ऊन जमिनीवर पोचते, ओल जाते, आणि ओल गेली की यांचा श्वास जातो. आपण दुर्गंध आला तर नाक दाबतो, धूर झाला तर खिडकी लावतो. कातडीने श्वास घेणाऱ्याला ही सोय नाही. मातीत जे असेल ते त्याच्या अंगात येणार. पाणी असेल तर पाणी, विष असेल तर विष. आपल्याला आणि जगाला वेगळे ठेवणारी भिंत त्याने बांधलेलीच नाही.

उभयचरांची आजची स्थिती चिंतेची आहे. २०२३ साली जगभरच्या तज्ज्ञांनी मांडलेल्या हिशेबात त्यांच्या दर शंभर जातींपैकी सुमारे एकेचाळीस धोक्यात असल्याचे दिसले. सॅलॅमँडरांत तर हे प्रमाण साठाच्या घरात जाते. देवगांडुळांच्या बाबतीत मात्र एक चमत्कारिक गोष्ट आढळते. त्यांच्यातल्या कितीतरी जातींच्या नावापुढे ‘धोक्यात’ असेही लिहिलेले नाही आणि ‘सुरक्षित’ असेही नाही. तिथे शेरा असतो, ‘माहिती अपुरी’. मला हा शेरा फार बोलका वाटतो. तो प्राण्याबद्दल काहीच सांगत नाही. तो सांगतो आपल्याबद्दल.

तर मूळ प्रश्नाकडे येऊ. अशा जिवाचे आपण काही देणे लागतो का? होय म्हणणारे बहुधा तीन कारणे सांगतात.

पहिले कारण उपयोगाचे. देवगांडूळ वाळवी, मुंग्या, किडे खाते, माती सैल करते. कोणी सांगावे, उद्या त्याच्या कातडीतून एखादे औषधही निघेल. हे खोटे नाही. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरच्या हबर्ड ब्रूक या रानात १९७५ साली संशोधकांनी हिशेब केला, तेव्हा तिथल्या पालापाचोळ्याखालच्या सॅलॅमँडरांचे एकूण वजन त्या रानातल्या सर्व पक्ष्यांच्या वजनाच्या दुपटीहून अधिक भरले. कानाला पक्षी ऐकू येतात, रानाचा भार मात्र पाचोळ्याखालचे मुके जीव वाहतात. तरीही हे कारण मला पुरेसे वाटत नाही. उपयोगावर उभारलेले नाते उपयोग संपला की संपते. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या औषधाचा खर्च आणि त्याचा उपयोग यांची वजाबाकी आपण करीत बसत नाही. जो करतो त्याला आपण माणूस म्हणत नाही.

दुसरे कारण जिव्हाळ्याचे, आणि ते फार गोड आहे. देवगांडुळाची मादी ओल्या मातीतल्या बिळात अंडी घालते आणि त्यांच्याभोवती वेटोळे करून बसून राहते. ईशान्य भारतात २०१२ साली देवगांडुळांचे एक नवे कुलच उजेडात आले. त्यातल्या माता दोन-तीन महिने अशा बसतात. आणि तिथले लोक त्यांना विषारी साप समजून मारीत आले! केनियातल्या टाइटा टेकड्यांवरची एक जात त्याहून पुढे गेली आहे. तिची पिल्ले आईच्या कातडीचा वरचा थर खरवडून खातात आणि वाढतात. तो थर आई त्यांच्यासाठीच पुष्ट करते. हे २००६ साली कळले. ब्राझीलमधल्या एका जातीची आई पिल्लांना दुधासारखा स्राव पाजते, हे कळायला २०२४ साल उजाडावे लागले. वसुबारसेला आपण ज्या वात्सल्याला हात जोडतो ते मातीखाली, काळोखात, कोणी न पाहता चालूच होते. पण इथेही थोडे सावध राहायला हवे. हिच्यात आपल्याला आपली आई दिसली म्हणून ही जगावी, असे म्हटले तर अंडी घालून निघून जाणाऱ्या बेडकिणीने काय करावे? जो आपल्यासारखा दिसेल त्यालाच जगण्याचा परवाना, हा न्याय माणसामाणसांतही फार वाईट ठरला आहे.

तिसरे कारण दुर्मिळतेचे. जगात दुसरीकडे नाही, आमच्याच डोंगरावर आहे, म्हणून जपा. यात अभिमान आहे, आणि अभिमानाने पुष्कळ चांगली कामे होतात. पण हा अभिमान तिकिटे जमवणाऱ्याचा. उद्या तीच जात आणखी दहा डोंगरांवर सापडली तर तिची किंमत उतरावी काय?

ही कारणे फेकून द्यावीत असे माझे म्हणणे नाही. त्यांनी काम होत असेल तर जरूर घ्यावीत. पण तिन्हींना आधी एक गोष्ट लागते: प्राणी आपल्याला माहीत असावा लागतो. ज्याच्या नावापुढे ‘माहिती अपुरी’ लिहिले आहे, किंवा ज्याला अजून नावच नाही, त्याचे काय?

माझ्या परिचयाचे एक बांधकामवाले गृहस्थ आहेत, सज्जन आणि व्यवहारी. ते म्हणतात, “तिथे काही आहे हे दाखवा, मी काम थांबवतो. पण काही असेल म्हणून कसा थांबू?” वरवर पाहता हे अगदी सरळ बोलणे आहे. त्यातली खोच अशी, की पुराव्याचा सारा भार त्यांनी अशा पक्षकारावर टाकला आहे, जो मातीखाली राहतो, पावसाळ्याखेरीज सहसा वर येत नाही, आणि ज्याला वाचा नाही. कोर्टात संशयाचा फायदा आरोपीला देतात, कारण फाशी दिल्यावर चूक दुरुस्त होत नाही. डोंगराच्या बाबतीत मात्र संशयाचा फायदा आपण यंत्राला देतो.

हे नुसते तर्कशास्त्र नव्हे. नाशिकच्या उशाशी अंजनेरी आहे. तिच्या पठारावर पावसाळ्यात उमलणाऱ्या एका कंदीलपुष्पाला २००६ साली शास्त्रज्ञांनी अंजनेरीचेच नाव दिले. ते अत्यंत संकटग्रस्त मानले जाते. आकाशकंदिलासारखे ते इवले फूल माणूस त्या डोंगरावर हनुमानजन्माची कथा सांगू लागला त्याच्याही कितीतरी आधीपासून तिथे लागत असणार. समजा, २००५ साली त्या पठारावर कोणी सुरुंग लावले असते, तर ‘तिथे काही नव्हते’ असेच आपण प्रामाणिकपणे सांगितले असते. ब्रह्मगिरीच्या परिसरात डोंगर खणण्यावरून गेल्या काही वर्षांत आंदोलने झाली. त्या खणलेल्या मातीत काय होते याची यादी कोणाकडेही नाही, आणि आता ती कधी होणारही नाही.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे, आणि ती टाळून पुढे जाता येणार नाही. त्र्यंबक, पेठ, सुरगाणा या तालुक्यांत पावसाळ्यात आभाळ फाटते आणि वैशाखात बायका हंडाभर पाण्यासाठी दऱ्या उतरतात. त्या बाईला देवगांडुळाची थोरवी ऐकवायला आपण कोणत्या तोंडाने जावे? तिला पाणी हवे, तिच्या पाड्याला रस्ता हवा, दवाखाना हवा. ते करताना माती खणली जाणारच. नागलीचे खाचर करणारा शेतकरीही खणतोच. पण कुदळीने खणलेली माती पुन्हा माती होते. भाताच्या बांधालगत, सुपारीच्या बागेत, शेणखताच्या ढिगाखाली देवगांडुळे सापडतात, म्हणजे शेतकऱ्याशी त्यांचे कसेबसे जुळते. जुळत नाही ते काँक्रीटशी आणि उतार सपाट करणाऱ्या यंत्राशी. अन् तेही नेहमी दुसऱ्याचेच असते असे नाही. इगतपुरीजवळ डोंगराच्या पोटातून गेलेला जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा २०२५ साली खुला झाला, आणि मुंबईला लवकर पोचल्याचा आनंद आपण सगळ्यांनी मिटक्या मारीत घेतला. गरज कुठे संपते आणि हौस कुठे सुरू होते, याची रेघ कोणी दुसऱ्याने आखून देणार नाही. पाण्याचे टाके गरजेच्या बाजूला पडते, डोंगरउतारावरचे दुसरे घर हौसेच्या, एवढे मात्र बहुतेकांना मनातल्या मनात ठाऊक असते.

या ठिकाणी दूरदेशच्या दोन हकीकती आठवतात. पहिली याच टेलरसाहेबांच्या दुसऱ्या एका प्राण्याची. १९६८ साली त्यांनी व्हिएन्नाच्या संग्रहालयातल्या एका मोठ्या देवगांडुळाला नाव दिले. बाटलीवरच्या चिठ्ठीत ठिकाण एवढेच होते, ‘दक्षिण अमेरिका’. पुढे १९९५ साली उलगडले की या प्राण्याला फुप्फुसेच नाहीत. हाताएवढा लांब जीव आणि फुप्फुसे नाहीत, म्हणून शास्त्रज्ञ चकित झाले. तो राहतो कुठे, हे मात्र कोणाला सांगता येईना. उत्तर मिळाले २०११ साली: ब्राझीलमध्ये मदेइरा नदीवर धरणाच्या कामासाठी पात्राचा एक भाग कोरडा केला, तेव्हा तळाशी तो सापडला. म्हणजे त्याचे घर उपसले तेव्हा आपल्याला त्याचा पत्ता लागला.

दुसरी हकीकत ग्वातेमालाची. तिथल्या डोंगरातल्या रानात १९७५ साली पिवळ्याधमक रंगाचा एक बिनफुप्फुसाचा सॅलॅमँडर सापडला, आणि नंतर चाळीस वर्षांवर कोणाला दिसला नाही. तो गेला असेच पुष्कळांना वाटे. २०१५ साली काही संस्थांनी मिळून तिथले एक रान विकत घेऊन उभयचरांसाठी राखून ठेवले. तो सॅलॅमँडर तिथे आहे असा पुरावा कोणाच्या हाती नव्हता. दोन वर्षांनी, २०१७ साली, गस्त घालणाऱ्या एका राखणदाराला तो दिसला! इथे रान आधी राखले गेले, ओळख मागाहून पटली. पहिल्या हकीकतीत ओळख पटायला घर मोडावे लागले. दोन्ही ठिकाणी माणसाचे अज्ञान सारखेच होते. वागणे वेगळे होते.

आपल्याकडे ही दुसरी रीत कोणाला नवी नाही. देवराईत काडी मोडायची नाही, हा नियम करणाऱ्यांनी आत कोणत्या वनस्पती आहेत याची मोजदाद केली नव्हती. ती १९७०च्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांच्यासारख्यांनी केली, तेव्हा इतरत्र नाहीशी झालेली कितीतरी झाडे तिथे उभी असलेली आढळली. नागपंचमीचा नियम तर याहून साधा. त्या दिवशी नांगर धरायचा नाही, जमीन खणायची नाही. कहाणीत शेतकऱ्याच्या नांगराने नागिणीची पिल्ले मरतात, हे आपल्याला आजीने सांगितलेले असते. नियम नागासाठी केला, पण त्या दिवशी उसंत मिळते ती मातीखालच्या सर्वांनाच. ज्यांची नावे कहाणीकाराला ठाऊक नव्हती त्यांनाही. श्रावणातल्या ओल्या मातीत अंड्यांभोवती वेटोळे करून बसलेली देवगांडुळाची मादी असेल, तर तिलाही.

हे नियम भयावर उभे होते, आणि ते भय आता गेले. देवराईतले झाड तोडले तर देव कोपेल असे आपल्या मुलांना वाटत नाही, आणि वाटावे असा आग्रहही मी धरणार नाही. पण भय गेले म्हणून नियमातले शहाणपण गेले असे होत नाही. ते शहाणपण एवढेच: खाली कोण आहे हे आपल्याला पुरते माहीत नाही, तेव्हा हात थोडा आवरावा. पूर्वी हे देवाच्या धाकाने होई, आता ते आपल्या समजुतीने व्हायला हवे. जिथे खणलेच पाहिजे तिथे खणावे, पण आधी एक पावसाळा थांबून जाणत्याला पाहू द्यावे. जिथे खणल्यावाचून चालते तिथे चालवून घ्यावे. यात मोठा त्याग नाही. थोडा उशीर आहे, थोडी गैरसोय आहे.

आपल्या सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ म्हणून एक रकाना असतो. मालक कोणीही असो, विहिरीतला वाटा, जाण्यायेण्याची वाट, कोणाचा बोजा, असे दुसऱ्यांचे हक्क तिथे लिहिलेले असतात, आणि जमीन विकली तरी ते पुसले जात नाहीत. जमिनीची मालकी म्हणजे जमिनीवरची बेबंद सत्ता नव्हे, हे आपल्या तलाठ्यालाही मान्य आहे. खंड फाटण्याच्या आधीपासून ज्याची वहिवाट आहे त्याचे नाव त्या रकान्यात कोणी लिहिलेले नाही, लिहिणारही नाही. पण उद्या कोणी डोंगरउतारावरचा तुकडा घ्यायला निघेल, किंवा अंगणातली ओली माती उपसून फरशी घालायचे ठरवील, तेव्हा तो रकाना मनाने तरी एकदा वाचून पाहावा. आणि खणताना कुठे ओले, वळ्यावळ्यांचे, बिनपायांचे जनावर निघालेच, तर साप साप म्हणून कुदळ उगारू नये. मुलांना बोलावून दाखवावे, ओल्या पाचोळ्यासकट हलकेच उचलून बाजूच्या सावलीत ठेवावे, आणि वरून माती ओढून द्यावी.